प्रतिसाद: मोड, लोह आणि आतड्यातले जिवाणू

‘मोड आणले की मटकीतलं लोह वाढतं’ असं वरच्या पोस्टमध्ये आलंय. लोह तेवढंच राहतं. घटतं ते लोहाला धरून ठेवणारं, शोषू न देणारं फायटेट. भिजल्यावर दाण्यातलंच फायटेज हे विकर (एन्झाइम) ते तोडायला लागतं. म्हणून 8-10 तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, मगच फडक्यात बांधा. ओल जास्त राहिली की मटकी बुळबुळीत होऊन वास मारते.

आतड्यातले जिवाणू कडधान्यावर काम करतात हा मुद्दा खरा, पण त्यांची जागा लोह शोषलं जातं त्याहून वेगळी. कडधान्यातली राफिनोज, स्टॅकिओज या शर्करा न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथे जिवाणू त्यांचं ब्युटिरेट (एक छोटं मेदाम्ल) करतात (गॅसही तिथलाच). लोह मात्र बहुतेक त्याआधीच, लहान आतड्याच्या सुरुवातीला शोषलं जातं. त्यामुळे रक्त कमी असलेल्यांनी उसळीवर लिंबू ताटात पिळावं, शिजताना नाही; लोह शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्व उष्णतेने बरंच जातं. आणि जेवणावर लगेच चहा कृपा करून नको, त्याने लोह कमी शोषलं जातं; तासभर तरी थांबा.