‘भवानि त्वम्’ : पहिली वेलांटी की दुसरी?

प्रश्न : सौंदर्यलहरी या देवीच्या संस्कृत स्तोत्राच्या २२व्या श्लोकात कुठे ‘भवानि त्वं’ तर कुठे ‘भवानी त्वं’ छापलेलं दिसतं. तुळजाभवानी आपण दीर्घच लिहितो. मग अर्थात फरक पडतो का? आणि पुढचं ‘सायुज्य’ म्हणजे मोक्षच ना?

उत्तर : पडतो. या श्लोकाचा सगळा अर्थच त्या वेलांटीवर उभा आहे. ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचं संबोधन संस्कृतात ऱ्हस्व होतं : भवानी, हे भवानि. आता ‘भू’ धातूचं आज्ञार्थातलं (लोट्) उत्तमपुरुषी एकवचनही ‘भवानि’च : ‘मी होवो’. म्हणजे ‘भवानि त्वम्’चे दोन अर्थ : ‘हे भवानी, तू…’ आणि ‘मी तू होवो’.

भक्ताला म्हणायचं असतं, ‘भवानि त्वं दासे मयि वितर दृष्टिं सकरुणाम्’, या दासावर करुणेची नजर टाक. त्याचे पहिले दोन शब्द उच्चारून होतात न होतात तोच देवी दुसरा अर्थ धरते आणि त्याला ‘निजसायुज्यपदवी’, म्हणजे स्वतःशी एकरूप होण्याचं पद, देते. मागितली नुसती एक नजर! दीर्घ छापलं की क्रियापद मेलं आणि हा प्रसंगच नाहीसा झाला.

चूक कानाला कळत नाही, कारण वृत्त शिखरिणी आहे. ६ अक्षरांवर यती (विराम), पहिलं लघू, पुढची ५ गुरू. ‘नि’ ऱ्हस्व असला तरी पुढच्या ‘त्वं’ या जोडाक्षरामुळे तो गुरूच मोजतात. ‘नी’ म्हटलं तरी चाल मोडत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायची सवय हाताला असते, तीही इथे नडते. म्हणताना ‘भवानित्‌-त्वं’ असा आघात द्यावा, ‘नी’ लांबवू नये.

शंका : हा श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ, टीकाकारांनी मागाहून काढलेला नसेल कशावरून?

उत्तर : दुसरी ओळ पाहा : ‘कथयति भवानि त्वमिति यः’. कवीने ‘इति’ लावून नेमके दोनच शब्द वेगळे काढलेत आणि लगेच ‘तदैव’, त्याच क्षणी, म्हटलंय. श्लेष नको असता तर वाक्य अर्ध्यात तोडायचं कारणच नव्हतं.

‘सायुज्य’ मात्र मोक्षाला सरसकट पर्याय म्हणून वापरू नये. मुक्तीचे चार प्रकार मानतात : सलोकता म्हणजे देवतेच्या लोकात राहणं, समीपता म्हणजे जवळ असणं, सरूपता म्हणजे तिच्यासारखं रूप मिळणं. सायुज्यता यांपलीकडची, ‘सयुज्’ म्हणजे जोडलेला, त्यावरून हा शब्द आला. पहिल्या तिन्हींत दोघं वेगळे उरतात. ‘मी तू होवो’ला चौथीच बसते.

पुरवणी : याच्याच उलट घोटाळा ‘निर्वाणी’चा होतो. एकनाथांच्या जोगव्यात ‘भक्तालागीं तूं पावसी निर्वाणी’ आहे. तिथे निर्वाण म्हणजे मोक्ष असं समजावून सांगितलेलं ऐकू येतं. मराठीत निर्वाणी म्हणजे अगदी शेवटची, निकराची वेळ : ‘निर्वाणीचा इशारा’, किंवा गणपतीच्या आरतीतलं ‘निर्वाणी रक्षावे’. त्या जोगव्यात मुक्तीची मागणी आहे, पण ती ‘द्वैत सारूनि माळ मी घालीन’ या ओळीत. ‘सारूनि’ म्हणजे बाजूला सारून. माळ देवीचीच, कवड्यांची. ती गळ्यात पडण्याआधी ‘तू वेगळी, मी वेगळा’ हे जायला हवं.