आई एकटी असते, कॅमेरा नको म्हणते. बाथरूममध्ये पडली तर कळेल असं काही आहे का?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. आई सांगलीत एकटी असते, वय ७६, मी आणि बायको म्युनिकला. मागच्या महिन्यात सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडली, मोबाईल बाहेर ओट्यावर, हाका मारून घसा बसला पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार. धुण्याभांड्याच्या मावशी आल्या, बेल वाजवून दार उघडेना म्हणून शेजारच्या काकांकडून किल्ली आणली तेव्हा कळलं. नशिबाने खुब्याला काही झालं नाही, मनगटावर निभावलं. आता एकाने कॅमेऱ्याचं पॅकेज सुचवलंय, तीन खोल्यांत कॅमेरे, माणूस पडला तर एआय ओळखतं म्हणे. आईला सांगितलं तर म्हणाली, "मी लुगडं बदलताना कोण बघतंय ते मला कळणार आहे का? काढून टाकीन." आणि तिचं बरोबरच आहे. शिवाय ती पडली बाथरूममध्ये, तिथे कॅमेऱ्याचा विषयच नाही. स्मार्टवॉच दिलंय, ते आंघोळीला जाताना काढून देवघराच्या फळीवर जातं. रडार, वायफाय असं काहीबाही वाचतोय. कोणी प्रत्यक्ष वापरलंय का?

सोल्डरगन:
आईंना आराम पडो. आधी साधा पीआयआर सेन्सर, म्हणजे जिन्यात आपोआप दिवा लागतो तो, तो या कामाला घेऊ नका. तो अंगाच्या उष्णतेतला बदल बघतो, माणूस हलायचा थांबला की त्याच्या लेखी खोली रिकामी. पडून राहिलेलं माणूस त्याला दिसतच नाही, आणि नेमकं तेच तर आपल्याला हवंय.

तुम्हाला पाहिजे ते मिलीमीटर वेव्ह रडार, २४ किंवा ६० गिगाहर्ट्झचं. ६० वर लहरीची लांबी ५ मिलिमीटर असते, त्यामुळे श्वास घेताना छाती जी जराशी वरखाली होते तीसुद्धा परत आलेल्या लहरीत कळते. चित्र काढत नाही, चेहरा नाही, कपडे नाहीत, अमुक अंतरावर कोणीतरी आहे एवढंच. २४ वालं एलडी२४१० नावाचं मॉड्यूल बोटभर असतं, स्वस्तात मिळतं, ईएसपी३२ ला, म्हणजे वायफायवाल्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडून होम असिस्टंटवर, म्हणजे घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि सगळा डेटा घरातच राहतो.

पण पडणं ओळखण्याच्या मागे लागू नका हे माझं ठाम मत आहे. ६० गिगाहर्ट्झचे छताला लावायचे फॉल डिटेक्शनवाले मिळतात, पण आपल्या बाथरूममध्ये माणूस पाटावर बसून आंघोळ करतं, खाली वाकून कपडे घासतं, तांब्याने पाणी ओततं. पडणारं पाणीसुद्धा रडारला हालचाल म्हणून दिसतं. खोटे अलार्म आले की शेजारचे काका चार दिवस धावतील आणि पाचव्या दिवशी फोन उचलणार नाहीत. त्यापेक्षा साधा हिशोब करा, आत गेल्या आणि नेहमीच्या वेळेत बाहेर आल्या नाहीत. आंघोळीला एरवी किती वेळ लागतो ते आठवडाभर बघा, त्यावर दहा मिनिटं धरा, तेवढा वेळ आत कोणी दिसलं की फोन. नळ चालू राहिला तरी अलार्म येईल, तेवढं चालतंय.

वारणाकाठ:
हे पटलं, मी उगाच एआयच्या मागे लागलो होतो. पण नुसत्या वायफायवर माणसाचा श्वाससुद्धा कळतो असं वाचलं, ते खरं का? राउटर तर आहेच घरी.

सोल्डरगन:
खरं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात दीना कताबी यांच्या गटाने २०१३ पासून त्यावर काम केलंय, आधी भिंतीपलीकडची हालचाल, मग श्वास आणि नाडी. २०१८ चं त्यांचं आरएफ-पोझ तर बघण्यासारखं, त्यात शिकवताना कॅमेरा आणि रेडिओ दोन्ही लावले, कॅमेऱ्यावरून माणसाचे सांधे कुठे आहेत ते काढलं आणि तेच उत्तर म्हणून रेडिओच्या मॉडेलला दिलं. मग कॅमेरा काढला तरी भिंतीआडच्या माणसाचा सांगाडा त्याला काढता यायला लागला, जो कॅमेऱ्याला कधी दिसला नसता. पण यातल्या बऱ्याच कामाला त्यांनी स्वतः बनवलेला रेडिओ आहे, तुमचा राउटर नाही. ईएसपी३२ वर वायफायच्या सिग्नलमधले बदल वाचता येतात, पण कपाट सरकवलं की सगळं परत शिकवा. म्युनिकहून ते कोण करणार.

काळाकोट:
एक गोष्ट सांगतो, फार लोकांच्या लक्षात येत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती, खाजगी कारणासाठी एखाद्या व्यक्तीने केलेल्या वापराला लागू नाही. कंपनीच्या सर्व्हरवर गेलं तर कंपनीवर जबाबदारी येते, पण मुलाने आईच्या घरात काय लावलं याला तो कायदा विचारत नाही. म्हणजे तिथे आईंचा होकार हाच काय तो बंदोबस्त. कॅमेरा नको म्हणाल्या म्हणून रडार गुपचूप लावू नका. भिंतीआडून श्वास मोजणारं यंत्र कॅमेऱ्यापेक्षा कमी आत शिरतं असं मला तरी वाटत नाही. काय कळतं, फोन कुणाकुणाला जातो, बंद कसं करायचं हे त्यांना दाखवा आणि बटण त्यांच्या हाताशी ठेवा. मावशींनाही सांगा, त्याही त्या घरात वावरतात.

अकोलेकरीण:
सासूबाईंसाठी आम्ही हेच केलंय, पण त्याआधी बाथरूमची आतली कडी काढली हो!! बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतं असं लॅच बसवलं. अलार्म वाजला आणि दार आतून बंद तर काका काय करणार, दारच फोडावं लागेल ना. कमोडशेजारी आणि नळाजवळ धरायला स्टीलचे दांडे, फरशीवर जाळीची मॅट. आणि पीआयआरचं वरती सांगितलंय ते आमच्याकडे अजूनच खरं, मे महिन्यात खोलीच अंगाएवढी तापते, त्याला माणूस आणि भिंत यात फरकच कळत नाही. रडारला उन्हाळ्याचं काही नाही, फक्त एक्झॉस्ट फॅन त्याच्यासमोर येऊ देऊ नका. आमच्याकडे फॅन फिरला की बाथरूममध्ये कायम माणूस, नंतर सेन्सरचं तोंड फिरवलं तेव्हा थांबलं.

वारणाकाठ:
काल आईशी बोललो, काळाकोट भाऊंनी सांगितलं तसंच सगळं सांगून. फोन आधी शेजारच्या काकांना, मग मामेभावाला आणि मग मला, असा क्रम तिनेच ठरवला. लॅचचं काम रविवारी होतंय, सुतार बघितलाय. शेवटचा प्रश्न, सांगलीत लाईट जाते तेव्हा काय?

सोल्डरगन:
राउटर आणि होम असिस्टंट ज्यावर चालतं तो छोटा कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सेन्सरचा ५ व्होल्टचा अडॅप्टरही त्याच लाईनवर, आणि तो बाथरूमच्या बाहेर, आत फक्त बारीक वायर. मॉड्यूल बंद प्लास्टिकच्या डबीत, लहरी प्लास्टिकमधून जातात, पण गिझरच्या वाफेने डबीवर पाणी साचलं की सिग्नल मार खातो, म्हणून वर कोपऱ्यात, गिझरपासून लांब. आणि एक नक्की करा, सेन्सरकडून दर पाच मिनिटांनी "चालू आहे" असा निरोप यायला हवा, तो निरोप पोचतोय का हे बघणारं काहीतरी घराबाहेर ठेवा, तुमच्या म्युनिकच्या कॉम्प्युटरवरही चालेल. सांगलीचं नेट गेलं तर तिथून मेसेज निघणारच नाही, पण निरोप थांबला हे तुम्हाला कळेल. मग काकांना साधा फोन करायचा.