संस्कारवर्गात पाठांतर घ्यावं की ग्रंथ समोर ठेवून चर्चा?

मुलुंडची_लोकल:
मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या सोसायटीत दर रविवारी मुलांचा संस्कारवर्ग असतो, आजवर एक आजी घ्यायच्या, मनाचे श्लोक, रामरक्षा, गीतेचा बारावा अध्याय वगैरे पाठांतर. आता त्या पुण्याला लेकाकडे गेल्या आणि वर्ग पडला माझ्या गळ्यात. मुलं आठवी ते दहावीची. एक मुलगी बाराव्यातले 20 च्या 20 श्लोक घडाघडा म्हणते, अर्थ विचारला की खांदे उडवते. म्हणून वाटतंय ज्ञानेश्वरीच उघडावी आणि बोलतं करावं, पण 9000 ओव्या, भाषा जुनी, आणि मी बँकेत कॅशला बसणारी बाई, कीर्तनकार नाही. पालक म्हणतात चर्चेने धर्म कळत नाही, नुसते वाद होतात. कुणी केलंय का असं?

पार्ल्याचा_काका:
करा बिनधास्त. फक्त पहिल्या अध्यायापासून नको, नमनातच पोरं गळतील. तिसरा घ्या. दुसऱ्यात कृष्ण ज्ञानाचं एवढं कौतुक करतो आणि वर म्हणतो लढ, तेव्हा तिसऱ्याच्या सुरुवातीलाच अर्जुन वैतागतो. माउलींनी तर त्याला अस्सल घरगुती तोंड दिलंय, "देवा तुवांचि ऐसें बोलावें, तरी आम्हीं नेणतीं काय करावें". हे वाचलं की मुलं हसतातच, आणि देवाला उलट विचारता येतं हे आपोआप कळतं. एका रविवारी दहाबारा ओव्या खूप झाल्या. मोठ्याने एकाने वाचायचं, दुसऱ्याने आपल्या शब्दात सांगायचं, तुम्ही शक्यतो गप्प. आणि पालकांना अठराव्याचा 63 वा श्लोक दाखवा, सगळं सांगून झाल्यावर कृष्णच म्हणतो, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर.

गिरगाव_चाळ_नं_४:
मी थोडी उलट बोलते हं. पाठांतराला एवढं हसू नका. लहानपणी पाठ केलेलं चाळिशीत उलगडतं, चर्चा मात्र सोमवारपर्यंत विसरतात. आणि हल्ली चर्चा म्हणजे काय तर मोबाईलवर बघितलेलं रील सांगायचं, ग्रंथ राहतो बाजूला. आधी ओवी तोंडात बसू दे ना.

वरळी_बीडीडी:
ताई, आमच्याकडे वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत. नुसतं वाचन झालं की अर्धे पेंगतात, खरं सांगतो. पण बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच प्रश्न टाकलेत, त्यातला पहिला म्हणजे सिद्धार्थाने घर का सोडलं. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून, हे त्यांना पटत नाही, २९ वर्षांच्या माणसाने हे आधी पाहिलंच नसेल का? त्यांनी त्याऐवजी सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेलं भांडण हे कारण मांडलंय. तो भाग आला की पोरं जागी होतात, कारण पाण्यावरून भांडण त्यांनी चाळीच्या नळावर बघितलेलं असतं. मग तासभर थांबत नाहीत. पण बोट पुस्तकावर ठेवून बोला असा नियम आहे आमचा, कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखव, त्यामुळे रीलवाले आपोआप गप्प.

मुलुंडची_लोकल:
बोट पुस्तकावर हे आवडलं, उचलतेय. पण नवव्या अध्यायात स्त्रिया, वैश्य, शूद्रसुद्धा माझ्या आश्रयाला आले तर तरतात असा जो श्लोक येतो तिथे ही मुलगी मला सोडणार नाही. तो गाळू का?

पार्ल्याचा_काका:
गाळू नका हो, घरी जाऊन वाचतीलच. माउली तिथे म्हणतात, वहाळ हे गंगेला मिळेपर्यंतच वहाळ, मग सगळी गंगाच, तशा जातीही माझ्यापर्यंत पोचेतोच वेगळ्या. आमच्या गटात एका पोराने लगेच विचारलं, म्हणजे देवाजवळच सारखे, नाक्यावर नाही? मी उत्तर दिलं नाही, तुकोबांच्या गाथेत काय सापडतं ते पुढच्या वेळी शोधून आणा म्हटलं. चार जण खरंच आणून वाचत बसले.

गिरगाव_चाळ_नं_४:
बरं बाई, पण सुरुवातीला पाच मिनिटं तरी म्हणायला लावा. आणि सार्थ प्रत घ्या, नुसती मूळ संहिता नको, नाहीतर सगळा रविवार शब्दांचे अर्थ शोधण्यात जाईल.