ह्युमनॉइड रोबोटचं किट जोडताना अडकलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच ह्युमनॉइडचं (माणसासारख्या रोबोटचं) किट जोडतोय, १७ सर्वोवालं (सर्वो म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर), दोन्ही पाय आणि कंबर झाली पण आता पुरता अडकलोय. सर्वो ९० डिग्रीवर सेंटर न करताच हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसणारा तुकडा) बसवून स्क्रू आवळले, त्यामुळे डावा गुडघा सरळ केला तरी वाकडाच राहतो. हॉर्नला २५ दाते आहेत, एक दात सरकवला की एकदम १४ डिग्रीच्या वर फरक पडतो, मग उरलेलं कोडमधे ऑफसेट (कोनात ठराविक फरक) देऊन जुळवायचं का? की पाय परत खोलावेच लागतील?

दुसरं म्हणजे पॉवर. एकेक सर्वो मस्त चालतो पण दोन्ही पाय एकदम हलवले की सगळं थरथरतं आणि आर्डुइनो (सर्वो चालवणारा कंट्रोलर बोर्ड) रिसेट होतो. सर्वो एमजी ९९६ आर आहेत, अडले तर एकेक अडीच अँपिअर खेचतात आणि माझा अडॅप्टर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, तेच कारण असणार. दोन सेलची लिपो बॅटरी लावली तर फुल चार्जला ८.४ व्होल्ट येतात, सर्वोला ७.२ च चालतात, म्हणजे मधे व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लागणार ना? किती अँपिअरचा घेऊ? ग्राउंड कॉमन आहे (सगळ्यांची मायनस वायर एकत्र जोडलेली), ते दोनदा तपासलं.

कोणी असं किट उभं केलं असेल तर प्लीज सांगा, त्याला एकदा स्वतःच्या पायावर उभा राहिलेला बघायचंय.