आजोबांच्या ट्रंकेत काचेच्या निगेटिव्ह सापडल्या, एकीत बोरीबंदर आहे पण काहीतरी गडबड वाटतेय

कल्याण_स्लो:
नमस्कार मंडळी. गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, खोली रिकामी करताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाला सहा काचेच्या निगेटिव्ह सापडल्या, प्रत्येक वेगळ्या खाकी पाकिटात. आजोबांचा धाकटा भाऊ एका फोटो स्टुडिओत कामाला होता, त्याच्याच असणार. पाच आईकडे आहेत, एक मी घरी आणली, लॅपटॉपची पांढरी स्क्रीन मागे धरून मोबाईलने फोटो काढला आणि अ‍ॅपमध्ये काळ्याचं पांढरं केलं, तर चक्क बोरीबंदर!! डाव्या हाताला व्हीटी (आताचं सीएसएमटी स्टेशन), उजव्या हाताला महापालिका, तिच्यासमोर कोणाचा तरी पुतळा, मधे रूळ, एक साधी ट्राम, एक दुमजली ट्राम, एक व्हिक्टोरिया घोडागाडी आणि कडेला केळ्यांची पाटी घेऊन बसलेली बाई. घड्याळात आठला दहा कमी, म्हणजे सकाळची वेळ. पाकिटावर शिसपेन्सिलीने १९१२ लिहिलंय. पणजोबा १९१२ लाच राजापूरहून मुंबईत आले असं आमच्याकडे सांगतात, त्यामुळे घरी सगळे जाम खूष आहेत, फ्रेम करायची ऑर्डरही निघालीय.

पण एक खटकतंय. मी अकरा वर्षं फोर्टातल्या ऑफिसातून चालत व्हीटीला येतोय, मला स्टेशन कायम उजव्या हाताला लागतं. मग हा फोटो क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने काढलाय का? आणि १९१२ पक्कं समजू ना?

काचवाला:
फ्रेमवाल्याला थांबवा आधी. काच उलटी धरलीय तुम्ही. काचेची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी मंद, जिच्यावर मसाल्याचा, म्हणजे फोटोच्या रसायनाचा थर असतो. चकचकीत बाजू आपल्याकडे ठेवून बघितलं तर चित्र सुलट दिसतं, मंद बाजूकडून बघितलं तर आरशातल्यासारखं. खात्री करायची असेल तर व्हीटीच्या घुमटावरची बाई झूम करा. तिच्या उजव्या हातात वर धरलेली मशाल आहे आणि डाव्या हातात खाली चाक. तुमच्या फोटोत मशाल डाव्या हातात दिसत असेल तर संपला विषय.

आणि ती काच कशानेही पुसू नका. पाणी नको, कोलिन नको, तोंडाची वाफ तर नकोच. फक्त कडांना धरायची. स्क्रीनला चिकटवून फोटो काढलात तर स्क्रीनचे ठिपके येतात, मधे दोन-तीन बोटं अंतर ठेवा. सगळ्या काचा एकावर एक आडव्या रचू नका, वजनाने खालची तडकते, लांब कडेवर उभ्या ठेवा, वह्या ठेवतो तशा.

खडखडाट:
दुमजली ट्राम म्हणताय तिच्या टपावर दांडा आहे का वायरला टेकलेला? आणि चाकं रुळावर आहेत का? नीट बघून सांगा, सगळं त्यावर आहे.

कल्याण_स्लो:
मशाल डाव्या हातात!! म्हणजे उलटीच. फ्लिप केल्यावर व्हीटी उजवीकडे गेली, एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ट्रामचं म्हणाल तर साध्या ट्रामला दांडा आहे, दुमजलीला नाही दिसत. आणि ती रुळांपासून बरीच बाजूला उभी आहे, पुढे जाळी असलेलं नाक आहे.

खडखडाट:
मग ती ट्राम नव्हे, बस आहे, आणि तुमचं १९१२ तिथेच गेलं. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, दुमजली ट्राम १९२० ला. बस रस्त्यावर आली तीच मुळी १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, आणि डबलडेकर बस १९३७ ला. म्हणजे फोटो १९३७ च्या अलीकडचा. ट्राम चालू दिसतेय म्हणजे ३१ मार्च १९६४ च्या पलीकडचा, त्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि कायमची बंद झाली.

बस नसती तरी पुतळ्याने पकडलं असतं. महापालिकेसमोर उभे आहेत ते फिरोजशहा मेहता, तो पुतळाच १९२३ चा. लोक जुन्या फोटोत आधी इमारती बघतात, पण व्हीटी १८८८ ला पुरी झाली आणि महापालिका १८९३ ला (दोन्ही एकाच स्टीव्हन्ससाहेबाची डिझाईन), तेव्हापासून आजपर्यंत दोघी तशाच समोरासमोर उभ्या आहेत, त्यांच्यावरून साल काय डोंबल कळणार? साल कळतं ते रस्त्यावर काय चाललंय त्यावरून. डोक्यावरच्या टोप्या बघा, पांढऱ्या गांधीटोप्या दिसल्या तर तेवढ्यानेही १९१२ बाद होतं.

दादरची_मावशी:
आणि मला एक सांगा, पणजोबा १९१२ ला मुंबईत आले तर त्यांचा धाकटा मुलगा त्याच साली स्टुडिओत कामाला कसा लागला? पाळण्यातून?

मी ट्राममध्ये बसलेय लहानपणी. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा, ठण ठण ठण, आणि वडील मला खिडकीशी बसवून स्वतः उभे राहायचे. काचवाला सांगतायत ते ऐका हो. आमच्या आत्याने दिवाळीच्या साफसफाईत अशीच एक काच ओल्या फडक्याने पुसली होती, आजीआजोबांचा लग्नातला एकुलता एक फोटो. फडकं काळं झालं आणि काच खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ.

काचवाला:
मावशी, वाचूनच पोटात गोळा आला.

कल्याण_स्लो, घड्याळसुद्धा उलटं वाचलंत तुम्ही. आठला दहा कमीचं आरशातलं रूप म्हणजे चार वाजून दहा मिनिटं. आणि तेच बरोबर असणार, कारण व्हीटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो. तुमच्या फोटोत त्याच्यावर ऊन आहे का?

कल्याण_स्लो:
लख्ख ऊन आहे. कमानींच्या आतल्या सावल्यासुद्धा कापल्यासारख्या दिसतात. खांबांच्या सावल्या लांबच लांब पडल्यात, म्हणजे दुपार कललेली. गांधीटोप्या सात मोजल्या, काळ्या टोप्या तीन, एक फेटा, आणि रस्ता ओलांडणारा एक माणूस हललाय त्यामुळे भुतासारखा अर्धाच आलाय, पाय आहेत पण तोंड नाही. केळीवाली मात्र अजिबात हललेली नाही, थेट कॅमेऱ्याकडे बघतेय, पाटीत एक फणी अर्धी विकलेली.

आता सगळ्यात भारी. काल आईकडे जाऊन बाकीची पाकिटं बघितली (काचा बाहेर काढल्या नाहीत, काळजी नसावी). एकावर लिहिलंय २२१२. आता २२१२ साल काही मला बघायला मिळणार नाही. दुसऱ्यावर नुसतं ५१. मग पहिलं पाकीट खिडकीशी तिरपं धरलं तर १९ आणि १२ च्या मधे पेन्सिलीची पुसट रेघ! १९ डिसेंबर. २२ डिसेंबर. ५ जानेवारी. सालच नाही कुठे.

खडखडाट:
😂😂 डिसेंबर म्हणूनच सावल्या तेवढ्या लांब. बाकीच्या पाच काचांत बसचा नंबर, दुकानाची पाटी, सिनेमाचं पोस्टर, काहीही वाचता आलं तरी टाका इथे, साल काढू.

कल्याण_स्लो:
रविवारी आणतो सगळ्या, चकचकीत बाजू माझ्याकडे ठेवूनच बघीन. आई म्हणाली काका तसाच होता, भिंतीवर दुधाचा हिशोब लिहायचा तोही नुसत्या तारखा टाकून, आणि महिनाअखेर भैयाशी भांडायचा.