केस ऑफिसर म्हणतेय अर्ज मागे घ्या नाहीतर रिफ्यूज करते, काय करावं?

सेमीवाले_घर
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये घर वाढवायला काउन्सिलकडे अर्ज केलेल्यांचा सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय कारण शुक्रवारच्या आत उत्तर द्यायचंय. आमचं लंडनच्या बाहेरच्या भागात १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजाऱ्यांच्या घराला लागून असलेलं) घर आहे. सासू-सासरे दरवर्षी उन्हाळ्यात सहा महिने येतात, सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून खाली एक बेडरूम आणि शॉवर काढायचा आणि त्याच कामात वर मुलांची खोली मोठी करायची असा विचार. आर्किटेक्टने काढलेल्या नकाशात खाली मागच्या बाजूला ५ मीटर आणि वर पूर्ण रुंदीचं ३ मीटर एक्स्टेन्शन आहे.

अर्ज व्हॅलिडेट झाला, शेजाऱ्यांना पत्रं गेली, मग बरेच आठवडे काहीच हालचाल नाही. फोन केला तर व्हॉइसमेल, मेल केला तर ऑटो रिप्लाय. आणि आता निर्णयाची आठ आठवड्यांची मुदत संपत आली तसा अचानक आमचा अर्ज तपासणाऱ्या केस ऑफिसरचा मेल आला की वरचा मजला शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीपासूनची ४५ अंशांची रेषा ओलांडतो, आणि खालचं एक्स्टेन्शन एकूण ७ मीटर होतंय ते फार जास्त आहे, तर अर्ज विथड्रॉ करा नाहीतर मी रिफ्यूजलची शिफारस करते. आता हे ७ मीटर कुठून आले ते मला कळतच नाहीये, आम्ही ५ च मागितलेत.

लागून असलेल्या घरातल्या काकांनी ऑब्जेक्शन घेतलंय. त्यांच्या गार्डनचा व्ह्यू जाईल, घराची किंमत पडेल, बिल्डरचा आवाज होईल, किचनमध्ये अंधार होईल, असं दोन पानी पत्र आहे, काउन्सिलच्या साइटवर वाचलं. तसे माणूस म्हणून चांगले आहेत.

एक मित्र म्हणतो विथड्रॉ कर, रिफ्यूजल लागलं की घरावर कायमचा डाग. आर्किटेक्ट म्हणतात होऊ दे रिफ्यूज, अपील करू. मला दोन्ही पटत नाही पण तिसरं काय ते सुचत नाहीये.

नकाशे_आणि_भिंती
मी याच क्षेत्रात काम करतो, रोज असेच अर्ज टाकतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

पहिली गोष्ट, घाईघाईत विथड्रॉ करू नका. पूर्वी रिफ्यूज झालं किंवा मागे घेतलं तरी १२ महिन्यांत सुधारित अर्ज फुकटात टाकता यायचा, ती सोय ६ डिसेंबर २०२३ पासून बंद झाली. आणि १ एप्रिल २०२५ ला घराच्या एक्स्टेन्शनची फी २५८ पाउंडांवरून एकदम ५२८ केली, शिवाय आता दर एप्रिलला महागाईनुसार वाढ. मागे घेतलेल्या अर्जाची फी परत मिळत नाही. म्हणजे ऑफिसरचं एक टेबल रिकामं होणार आणि तुम्ही पुन्हा पूर्ण पैसे भरून रांगेच्या शेवटी. डागाचं म्हणाल तर विथड्रॉ केलेला अर्जसुद्धा सहसा काउन्सिलच्या रजिस्टरवर दिसतो, आणि रिफ्यूजल असलं म्हणून पुढचा चांगला अर्ज अडत नाही.

तुमचा तिसरा मार्ग हा: आजच ऑफिसरला मेल करा, की तुमचे दोन्ही मुद्दे समजले, आम्ही सुधारित नकाशे देतो, त्यासाठी एक्स्टेन्शन ऑफ टाइम द्यायला आमची तयारी आहे, नवीन तारीख कळवा. तुमच्या लेखी संमतीने मुदत वाढली की त्यांच्या आकड्यांत तो अर्ज वेळेत निकाली निघाला असाच धरला जातो, आणि आठ आठवडे संपत आले की ऑफिसरच्या डोक्यावर तीच टांगती तलवार असते. नकाशे बदलून घ्यायचं बंधन काउन्सिलवर नाही, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात, पण बदल लहान करणारा असेल तर पुष्कळ ऑफिसर घेतात कारण त्यांचाही रिपोर्ट सोपा होतो.

आता ४५ अंश. सेमीमध्ये सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. शेजाऱ्यांच्या तुमच्याकडच्या सगळ्यात जवळच्या राहत्या खोलीच्या खिडकीचा मध्य धरायचा आणि तिथून तुमच्या बाजूला ४५ अंशांत रेषा मारायची. बाथरूम, जिन्याची खिडकी धरत नाहीत. समजा त्यांच्या बेडरूमच्या खिडकीचा मध्य सामाईक भिंतीपासून १.२ मीटरवर आहे आणि तुम्ही वर ३ मीटर बाहेर येताय, तर तुमची बाजूची भिंत त्या मध्यापासून निदान ३ मीटर लांब हवी, म्हणजे हद्दीपासून १.८ मीटर आत. तेवढी खोली अरुंद नको असेल तर बाहेर येणं २ मीटर करा, मग ०.८ आत सरकवलं तरी भागतं. कागदावर दोन्ही काढून बघा. प्रत्येक काउन्सिलची डिझाइन गाइड वेगळी, कोणी मध्याऐवजी खिडकीचा पाव भाग धरतं, त्यामुळे तुमच्या काउन्सिलची उघडून आकडे तपासा.

आणि रजिस्टरवर तुमच्याच रस्त्यावरचे मागच्या काही वर्षांतले मंजूर अर्ज शोधा, प्रत्येकाचा ऑफिसर रिपोर्ट असतो तो वाचा. तुमच्यासारखाच वरचा मजला मंजूर झालेला सापडला तर मेलमध्ये त्याचा नंबर द्या. त्याने ऑफिसर बांधली जात नाही, पण मग वेगळं का वागताय हे तिला रिपोर्टमध्ये लिहावं लागतं.

ते ७ मीटरचं मात्र मला कोडं आहे. तुमच्या किचनच्या मागे आधीच काही वाढवलेलं आहे का?

लीड्सकर
आर्किटेक्ट अगदीच चूक नाहीत हो. अपीलला फी नाही, निर्णयाच्या तारखेपासून १२ आठवड्यांत करायचं, अपिलं ऐकणारी प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट वेगळी संस्था आहे आणि तिचा इन्स्पेक्टर काउन्सिलचा नोकर नाही. आमच्याकडे काउन्सिलने घराच्या समोरच्या बाजूचं डॉर्मर (उतरत्या छतातून बाहेर काढलेली खिडकी) नाकारलं होतं, त्याच गल्लीत तसलीच चार होती, इन्स्पेक्टरने ते बघितलं आणि मंजूर केलं. वर अपील चालू असताना दुसरा सुधारित अर्जही टाकता येतो, म्हणजे दोन्ही दारं उघडी.

नकाशे_आणि_भिंती
लीड्सकर, डॉर्मरच्या बाबतीत मान्य, कारण तिथे प्रश्न दिसण्याचा होता, आणि दिसणं कसं वाटतं यावर दोन माणसांची मतं वेगळी असू शकतात. इथे रेषा मोजून मोडतेय. हाउसहोल्डर अपीलमध्ये, म्हणजे अशा घरगुती अर्जांच्या अपीलमध्ये, नवा पुरावा, नवे नकाशे सहसा घेत नाहीत, जे काउन्सिलपुढे होतं त्याच्यावरच निकाल, आणि तो यायला महिनोन्‌महिने लागतात. निम्म्याहून जास्त अपिलं फेटाळलीच जातात. ज्या नकाशात खरीच अडचण आहे तो तसाच वर पाठवण्यापेक्षा इथे दुरुस्त केलेला बरा.

शेजारीण
मी पलीकडच्या बाजूने बोलते कारण आमच्या शेजाऱ्यांनी मागे असंच बांधलंय. परवानगी घेऊन, नियमात, आणि तरीही आमच्या स्वयंपाकघरात आता दुपारी तीनला दिवा लावावा लागतो. त्यामुळे काकांना आडमुठे समजू नका ही आधी विनंती.

त्यांच्या पत्रातला व्ह्यू, घराची किंमत आणि बांधकामाचा आवाज हे तिन्ही मुद्दे काउन्सिल विचारात घेतच नाही, ऑफिसर रिपोर्टमध्ये एका ओळीत बाजूला काढेल. पण उजेडाचा मुद्दा खरा आहे, प्रायव्हसीचा निघाला तर तोही धरतात. तुम्ही आकडे बदलून नवा नकाशा छापा आणि तो घेऊन त्यांच्याकडे जा. मेल नको, पत्र नको, स्वतः जा, आणि त्यांच्या किचनमध्ये उभं राहून त्यांना दाखवा की भिंत कुठे येणार, उंची किती. आमच्याकडे कोणी एकदा जरी येऊन हे दाखवलं असतं ना, तर मी निदान छत उतरतं करा एवढं तरी सांगितलं असतं, आणि त्यांनी ते केलंही असतं असं मला वाटतं. हद्दीजवळ उतार बाहेर घेतला की भिंत अर्धा मीटरने सहज कमी होते. काउन्सिलच्या पत्रातला नकाशा सामान्य माणसाला कळत नाही हो, ४ मीटर वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही.

आणि दुसरं, प्लॅनिंग मिळालं म्हणजे झालं असं नाही. सामाईक भिंतीला हात लावणार असाल तर पार्टी वॉल ॲक्ट १९९६ प्रमाणे दोन महिने आधी नोटीस, त्यांच्या भिंतीपासून ३ मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणणार असाल तर एक महिना आधी. त्यांनी संमती दिली नाही तर सर्व्हेअर नेमावे लागतात आणि खर्च बहुतेक वेळा तुमच्याच गळ्यात पडतो. आज काकांशी नीट बोललात तर तिथेही उपयोग होईल.

सेमीवाले_घर
खूप खूप आभार सगळ्यांचे. शेजारीण ताई, तुमचं वाचून खरंच थांबून विचार केला, उद्या संध्याकाळीच जातो काकांकडे.

नकाशेवाले दादा, हो! किचनच्या मागे २ मीटरचा एक भाग आहे, आधीच्या मालकाने कधीतरी बांधलेला. आर्किटेक्टने तिथल्या भिंतीपासून ५ धरलेत. म्हणजे २ अधिक ५ असं मोजलंय का ऑफिसरने? तो भाग तर आम्ही घर घेतलं तेव्हा होताच की. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं डॉक्टरांचं पत्र जोडलं तर फरक पडेल का?

नकाशे_आणि_भिंती
सुटलं कोडं. वाढ मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून मोजतात, आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ ला जसं होतं तसं, आणि त्यानंतर बांधलेलं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. मधल्या मालकांनी जे जे वाढवलं ते सगळं तुमच्या खात्यात मोजतात, तुम्ही बांधलं असो वा नसो. ऑफिसर बरोबर आहे.

पण यातून चांगली वाटही निघते. सेमीला मागच्या बाजूला ३ मीटरपर्यंत एकमजली वाढ परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये अर्जाशिवाय चालते, आणि प्रायर अप्रूव्हल (पूर्ण अर्जाऐवजी काउन्सिलची आगाऊ मान्यता) घेतलं तर ६ मीटरपर्यंत. त्याची फी निराळी आणि कमी आहे, २०२५ मध्ये २४० पाउंड झाली. काउन्सिल लागून असलेल्या शेजाऱ्यांना कळवते, त्यांना २१ दिवस, आणि ४२ दिवसांत निकाल. कोणीच हरकत घेतली नाही तर उजेड वगैरे तपासायचा अधिकारच काउन्सिलला राहत नाही. हरकत आली तरच शेजाऱ्यांवरचा परिणाम बघून ठरवतात. म्हणून काकांकडे जाणं फारच महत्त्वाचं. एकूण ६ म्हणजे किचनच्या भिंतीपासून ४, त्यात बेडरूम आणि शॉवर नीट बसतो. उंची जास्तीत जास्त ४ मीटर, हद्दीपासून २ मीटरच्या आत असाल तर छताची खालची कड ३ मीटरच्या वर नको, आणि काम निकाल हातात आल्यावरच सुरू करायचं, नंतर मागून हे अप्रूव्हल मिळत नाही. घर कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपायला राखलेल्या भागात) असेल तर ही ६ मीटरची सवलत लागू नाही, आणि काउन्सिलने आर्टिकल ४ लावून हे हक्क काढून घेतलेले असतील तर यातलं काहीच नाही, ते आधी बघा.

एक अडचण आहे. वर-खाली एकत्र एकच बांधकाम केलं तर ही ६ मीटरची सवलत धरता येत नाही, दुमजलीला मर्यादा ३ च. त्यामुळे सध्याच्या अर्जातच खाली एकूण ६ आणि वर आत सरकवलेलं असं द्या, आणि सोबत लिहा की खालचा भाग एकटा प्रायर अप्रूव्हलनेही करता येण्यासारखा आहे. त्याला फॉलबॅक म्हणतात, ऑफिसरला ते विचारात घ्यावं लागतं. तेवढ्यावरही नाही म्हणाली तर खालचं एकटं प्रायर अप्रूव्हलने पुढे न्या, सासूबाईंची सोय तरी अडायला नको, वरचं सावकाश बघता येईल.

डॉक्टरांचं पत्र जोडा, तोटा काही नाही, पण फार भिस्त ठेवू नका. परवानगी जागेला मिळते, माणसाला नाही, तुम्ही घर विकलंत तरी ती भिंत काकांच्या खिडकीशेजारी राहणारच आहे असा त्यांचा विचार असतो, आणि तो मला पटतो.

बर्मिंगहॅमची_वाट
एक राहिलं. वॉर्डच्या काउन्सिलरला, म्हणजे तुमच्या भागातून निवडून आलेल्या नगरसेवकाला, मेल करा असं कोणी सांगितलं नाही. बहुतेक अर्ज ऑफिसर स्वतःच निकाली काढतात, पण काउन्सिलर तो कमिटीकडे नेऊ शकतो, त्याला कॉल-इन म्हणतात. बऱ्याच ठिकाणी त्याला ठरावीक मुदत असते, तुमची बहुधा उलटून गेली असेल, तरी ऑफिसर फोन उचलत नसेल तर काउन्सिलरच्या एका मेलने उत्तर येतं हे मी बघितलंय. काउन्सिलरला गुडघ्यांची गोष्ट सांगा, पण मागणी मात्र प्लॅनिंगच्याच भाषेत करा.

सेमीवाले_घर
काकांकडे जाऊन आलो. त्यांना वाटत होतं वरचा मजला थेट हद्दीपर्यंत येऊन त्यांच्या खिडकीला चिकटणार, नवीन नकाशा बघून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच टेप आणून खिडकीचा मध्य मोजून दिला, १.३५ मीटर निघाला. छत हद्दीकडे उतरतं करणार का विचारलं, मी हो म्हटलं. ऑब्जेक्शन मागे घेतो असं म्हणाले नाहीत, सुधारित नकाशे साइटवर आले की बघून ठरवतो म्हणाले, जे मला योग्यच वाटलं.

ऑफिसरला मेल गेलाय, तीन आठवड्यांची मुदतवाढ देतो असं लिहून. तिचं उत्तर आलं, सुधारित नकाशे एकदाच घेईन, पुन्हा पुन्हा नाही. आर्किटेक्टला खाली किचनपासून ४ आणि वर १.६५ मीटर आत सरकवून ३ मीटर असे आकडे दिलेत. नकाशेवाले दादा, पाठवायच्या आधी हे आकडे एकदा बघाल का?

नकाशे_आणि_भिंती
१.३५ अधिक १.६५ म्हणजे नेमके ३, रेषेला टेकतंय. बांधताना बाहेरची वीट, गटर, सगळं त्या बाजूलाच येतं. आत सरकवणं १.८ करा, आणि ४५ अंशांची रेषा काकांच्या खिडकीसकट नकाशावर काढूनच द्या, ऑफिसरला मोजत बसायला लावू नका.