रेप्लिका गाडीत रडार डिटेक्टर गुपचूप कसा बसवावा? (सल्ला हवा)

नेरुळचा_हौशी
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली एक रेप्लिका स्पोर्ट्स कार माझ्याकडे आहे. दिसायला इटालियन, पोटात मात्र सिविकचं १.८ लिटरचं इंजिन, तेही मागे बसवलेलं. बॉडी फायबरची. अटल सेतूवर १०० ची मर्यादा, तिथे मला दोन चलनं आली: १०९ आणि ११०. शपथेवर सांगतो, काटा १०२-१०३ च्या वर नव्हता. हे ऐकून न्यू जर्सीच्या मेव्हण्याने रडार डिटेक्टर (पोलिसांचं वेग मोजणारं रडार जवळ आलं की ओरडणारा डबा) आणून दिलाय.

अडचण अशी की काचेवर लावता येत नाही. सिग्नलला थांबलो की दहा मोबाईल फोटो काढायला पुढे येतात आणि अकरावा हवालदाराचा असतो. पुढच्या नाकाडाच्या आत बसवू की डॅशखाली? करंट कुठून घेऊ? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बेलापूरकर७२
हळू चालवा. धागा संपला. (हलके घ्या.)

तुर्भे_वायरमन
आमच्याकडे अशा दोन गाड्या येतात, म्हणून लिहितो. फ्यूज बॉक्समधून इग्निशन करंटच्या (किल्ली फिरवली तरच येणाऱ्या) फ्यूजवर टॅप मारा, त्यात २ अँपियरचा वेगळा फ्यूज टाका. बॅटरीवरून थेट, कायम चालू राहणारा करंट घेऊ नका, ही गाडी आठवडाभर झाकून उभी असणार, बॅटरी बसेल.

लोक नेहमी चुकतात ते अर्थिंगमध्ये. पत्र्याच्या गाडीत कुठल्याही बोल्टला अर्थ मिळतो, फायबरला मिळत नाही. मागच्या महिन्यात एक गाडी आली होती, इंडिकेटर दिला की आतला म्युझिक सिस्टिम बंद. आधीच्या कारागिराने अर्थची वायर डॅशच्या फायबरला स्क्रूने पिळून ठेवली होती! करंट बिचारा दुसऱ्या वायरींमधून परतीची वाट शोधत होता. खाली चेसिसचा पाइप शोधा, पॉलिश पेपरने रंग खरवडून लोखंड चमकवा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून बोल्ट कसा, वर ग्रीस. हे काहीही बसवलंत तरी लागणारच.

घोडबंदर_लहरी
वायरमनदादांशी सहमत, पण आधी तो डबा इथे उपयोगाचा आहे का ते बघू. अमेरिकन डिटेक्टर ऐकतो रडारच्या लहरी: एक्स बँड साधारण १०.५ गिगाहर्ट्झ, के बँड २४, केए ३३.४ ते ३६. आपल्याकडच्या इंटरसेप्टरमध्ये (पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या गाडीत) असते लेझर गन. ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश, झोत इतका बारीक की ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर पसरतो. तुमच्या नंबरप्लेटवर नेम धरला की सेकंदाच्या आत वेग नोंदला जातो. डिटेक्टर तेव्हा ओरडलाच तर ती वर्दी नव्हे, पोचपावती.

आता गुपचूपपणाचं. फायबरमधून रडार आरपार जातं, त्यामुळे नाकाडाच्या आत लपवलेला डिटेक्टर रडार बरोबर पकडेल. इन्फ्रारेड मात्र रंगवलेल्या फायबरमधून जात नाही. म्हणजे लपवलात की जे इथे वापरतात नेमकं त्यालाच तो बहिरा.

आणि एक्स्प्रेसवेवर तर सरासरी वेग मोजतात. एका कॅमेऱ्याच्या कमानीखाली नंबर टिपला, पुढच्या कमानीखाली पुन्हा टिपला, मधल्या अंतराला वेळेने भागलं. यात ऐकण्यासारखं काही नसतंच.

नेरुळचा_हौशी
लहरीसाहेब, रविवारी पहाटे पामबीचला नेऊन बघितला. सीवूड्सच्या मॉलपाशी कोकलला. शेजारून नवी एसयूव्ही गेली तेव्हा कोकलला. किल्ला जंक्शनच्या अलीकडे झाडाखाली इंटरसेप्टर उभी, तिथे मौनव्रत.

घोडबंदर_लहरी
अगदी अपेक्षित. मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारांचे सेन्सर आणि बऱ्याच गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट रडार (आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखणारे) २४ गिगाहर्ट्झवरच चालतात.

माजिवडा_माऊली
आरसीवर काय लिहिलंय हो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. वेगाचा दंड हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, पण विमा कंपनीने क्लेम नाकारला तर घर विकावं लागेल. बाकी हे डबे परदेशातही सरसकट चालत नाहीत: फ्रान्समध्ये बंदी, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातही. पाहुण्यांना विचारा.

नेरुळचा_हौशी
माऊली, त्या विषयावर वेगळा धागा काढतो.

माजिवडा_माऊली
काढा. वाट बघतोय.

तुर्भे_वायरमन
एक राहिलंच. मागचे टायर कोणते आहेत? तुमची चलनं वाचून तेव्हापासून डोक्यात फिरतंय.

नेरुळचा_हौशी
२७५/४० आर १८. का?

तुर्भे_वायरमन
सापडलं! सिविकचा मूळ टायर १९५/६५ आर १५, व्यास ६३४ मिलिमीटर. तुमचा ६७७. काटा गिअरबॉक्सच्या सेन्सरवर चालतो. त्याला काय माहीत तुम्ही चाक मोठं केलंय? एका फेरीत गाडी पावणेसात टक्के जास्त पळते. काटा १०३ म्हणजे खरे ११०. चलन बरोबर, काटा खोटा. डिटेक्टर परत डब्यात घाला आणि जीपीएसवर चालणारा स्पीड मीटर घ्या, मर्यादा ओलांडली की बीप देणारा.

घोडबंदर_लहरी
वा दादा! आणि हा मीटर खुशाल लपवा. जीपीएसचा सिग्नल फायबरमधून येतो, अँटेना डॅशच्या कातडीखाली सपाट ठेवा, तोंड आकाशाकडे. फक्त डॅश खऱ्या कार्बन फायबरचा नको, तो सिग्नल अडवतो.

नेरुळचा_हौशी
कार्बनचं स्टिकर आहे.

बेलापूरकर७२
मग चालेल. गाडीला शोभेलसंच आहे.

नेरुळचा_हौशी (तीन आठवड्यांनी)
अपडेट. दीडेक हजाराचा मीटर घेतला, तुर्भ्याला दादांच्याच गॅरेजमध्ये बसवला. अर्थसाठी त्यांनी सीटखालचा पाइप खरवडला, अर्धा तास तेवढ्यातच गेला. काटा ९० वर असताना मीटर ९६ दाखवतो. आता सेतूवर काटा ९२ वर ठेवतो आणि मागून टेम्पो हॉर्न मारतात. चलन नाही. माऊलींचा धागा अजून काढलेला नाही, कबूल.

एकच प्रश्न उरलाय. मेव्हणा दिवाळीला येतोय, गाडीत बसला की पहिलं विचारणार, डिटेक्टर कुठे लावलास?

बेलापूरकर७२
सांगा, इतका गुपचूप लावलाय की मलाही सापडत नाही.